बाळ आठ महिन्यांचं, पाळी अजून नाही, नवरा शनिवारीच घरी: नैसर्गिक पद्धत कशी पाळायची?

खानापूरची_सून

नमस्कार. बाळ आठ महिन्यांचं आहे. सहा महिने फक्त अंगावरचं दूध होतं, आता नाचणीची पेज आणि वरणभात सुरू केलाय. पाळी अजून आलेली नाही. पुढचं मूल निदान दोन वर्षं तरी नको आहे. गोळ्या, तांबी वगैरे काही वापरायचं नाही, कॅथलिक चर्चच्या शिकवणीप्रमाणे नैसर्गिक पद्धतीनंच राहायचं असं दोघांनी ठरवलंय. मिस्टर गोव्याला कामाला असतात. शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटे जातात.

पाळी येत नाही तोवर दिवस राहत नाहीत असं सासूबाई म्हणतात. ते धरून चालायचं का? जाऊबाई सांगतात की पाळीपासून दहावा ते विसावा दिवस टाळायचे, पण पाळीच नसेल तर दहावा दिवस मोजायचा कुठून? थर्मामीटरवर बघतात म्हणे, ते रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला जमतं का? शनिवार नेमका नको त्या दिवसांत आला तर जवळ यायचंच नाही, की मिठीत घेणं वगैरे चालतं? बाळंतपणानंतर संबंधाच्या वेळी दुखतं, हे अजून कुणाला विचारलेलं नाही. आणि मिस्टरांच्या घरचे मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट. मिस्टरांचंही म्हणणं, तेवढ्या दिवसांपुरता निरोध वापरला तर काय बिघडलं? कृपया जाणकारांनी नीट सांगावं.

निपाणीची_नर्स

ताई, आधी सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं सहा महिन्यांपर्यंत बरंचसं खरं होतं, आता नाही. अंगावर पाजण्याच्या भरवशावर राहायचं तर तीन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावर पितं, वरचं काही नाही. तिन्ही असतील तर दिवस न राहण्याची खात्री ९८ टक्क्यांच्या वर असते. १९८८ साली इटलीत बेलाजिओला जमलेल्या तज्ज्ञांनी हे ठरवून दिलं आणि आजही तेच मानतात. तुमच्या तीनपैकी दोन अटी गेल्या. आता पाळी नाही एवढ्यावर विसंबू नका.

याचं कारण असं की बीज (स्त्रीबीज) आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं बीज पाळीच्या आधीच सुटू शकतं, आणि त्याच वेळी संबंध आला तर पाळी न येताच दिवस राहतात. आपल्याकडे ‘पाळीच आली नव्हती, कळलंच नाही’ म्हणत चौथ्या महिन्यात तपासायला येणाऱ्या बायका असतात, त्या याच फटीतून गेलेल्या असतात.

मग मोजायचं काय? दिवस मोजायचे नाहीत, अंगावरून काय जातं ते बघायचं. बीज तयार होऊ लागलं की गर्भाशयाच्या तोंडाशी एक स्त्राव तयार होतो. त्यात शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. बीज स्वतः जेमतेम १२ ते २४ तास जगतं. तो स्त्राव नसेल तर शुक्रजंतू तासाभरात निकामी होऊ लागतात. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर नवराबायकोनं ती घडवली म्हणून तिला बिलिंग्ज पद्धत म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं तिची पाच देशांत चाचणी घेतली, त्यातलं एक केंद्र आपल्या बंगळूरला होतं. ८६९ बायकांपैकी ९३ टक्के पाळीच्या पहिल्याच चक्रात स्त्राव ओळखून नोंदवू शकल्या. शिक्षण कमी असलेल्या बायकाही त्यात होत्या. तेव्हा ‘मला हे जमेल का’ ही भीती सोडा.

बघायचं असं. लघवीला जाल तेव्हा आधी आणि नंतर स्वच्छ सुती कापडानं पुसून बघा, बोट आत घालायचं नाही. दिवसभर चालताना, काम करताना योनीच्या तोंडाशी कसं वाटतं तिकडे लक्ष ठेवा: कोरडं, नुसतं ओलसर, चिकट की बुळबुळीत. दिसण्यापेक्षा हे वाटणं जास्त खरं असतं. नोंद रात्री झोपताना एकदाच, दिवसातल्या सगळ्यात ओल्या वेळेची. सकाळी कोरडं आणि चारला बुळबुळीत, तर त्या दिवसाची नोंद बुळबुळीतच.

तुमच्यासारख्या दूध पाजणाऱ्या आईनं पहिले दोन आठवडे फक्त नोंद करायची, संबंध ठेवायचा नाही. वीर्य आणि त्या वेळचा ओलावा मिसळला तर आपलं मूळ रूप कळत नाही. दोन आठवडे सलग कोरडं असेल, किंवा रोज तेच, तसंच थोडं चिकट काहीतरी असेल आणि त्यात बदल होत नसेल, तर ते तुमचं मूळ, न बदलणारं रूप, म्हणजे दिवस न राहण्याच्या, वांझ दिवसांचं. त्यानंतरचे नियम तीन:

न बदलणाऱ्या दिवसांत संबंध संध्याकाळनंतर, आणि एक दिवसाआड. संध्याकाळी यासाठी की दिवसभराची पाहणी पुरी झालेली असते. एक दिवसाआड यासाठी की दुसऱ्या दिवशी वीर्य बाहेर येतं आणि स्त्रावाला झाकतं.

बदल दिसला, मग तो रंगाचा असो, ओलेपणाचा, बुळबुळीतपणाचा, की नुसता रक्ताचा डाग, लगेच थांबायचं. परत मूळ रूप आलं की एक, दोन, तीन मोजून चौथ्या दिवशी संध्याकाळपासून सुरू.

स्त्राव वाढत जाऊन अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा लांब ताणला जाणारा झाला आणि मग एकदम आटला, तर बुळबुळीत वाटण्याचा जो शेवटचा दिवस तो शिखराचा दिवस. तो दुसऱ्या दिवशीच कळतो. शिखरानंतरचे तीन दिवस टाळायचे. चौथ्या सकाळपासून पाळी येईपर्यंत कोणत्याही वेळी मोकळीक.

दूध पाजताना शरीर बऱ्याचदा बीज सोडायचा प्रयत्न करून थांबतं. स्त्राव येतो, चार दिवस राहतो, जातो, पण शिखर येत नाही. असं दोनतीनदा होऊ शकतं आणि दर वेळी थांबावं लागतं. या टप्प्याचा कंटाळा येतो, पण इथंच घाई होते. बाळाचं खाणं वाढलं, रात्रीचं पिणं कमी झालं, की पुढच्या काही आठवड्यांत डोळ्यांत तेल घालून बघा.

वही वेगळी ठेवा. हॉलमधल्या कालनिर्णयवर खुणा करू नका. तिथं दुधाचा आणि सिलिंडरचा हिशेब असतो आणि घरातले सगळे वाचतात. शंभर पानी वहीत महिन्याला एक पान, लाल पेन रक्तासाठी, हिरवं कोरड्यासाठी, निळं ओल्यासाठी, शिखरावर फुली.

गुठळ्यांचा पांढरा स्त्राव आणि खाज, किंवा हिरवट पिवळा, वास येणारा, हे या पद्धतीतलं नव्हे. तो संसर्ग. आधी उपचार, तोवर नोंदीवर विसंबून संबंध नको. आणि साबणानं, डेटॉलनं आतून धुणं बंद करा. त्यानं स्त्रावही वाहून जातो आणि संसर्गही होतो.

पारा_आणि_वही

थर्मामीटरचं मी सांगतो. वरच्या सिस्टरनी सांगितलेलं अगदी बरोबर, त्याला ही जोड आहे. दोन्ही मिळून जी पद्धत होते ती सगळ्यात भरवशाची. जर्मनीत सुमारे ९०० बायकांचा अभ्यास २००७ साली छापून आला. नियम पूर्ण पाळणाऱ्यांत वर्षाला १०० मध्ये ०.४ आणि सगळ्या मिळून १.८ जणींना दिवस राहिले. पण त्या शिकवणारीकडून रीतसर शिकलेल्या होत्या, मोबाईलवर वाचून नव्हे.

बीज सुटल्यावर शरीराचं तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसनं चढतं आणि पाळीपर्यंत चढलेलं राहतं. म्हणून तापमान बीज सुटून गेल्याची पावती देतं, येणार आहे हे सांगत नाही. आधीचा इशारा स्त्रावाकडूनच मिळतो.

मेडिकलमध्ये मिळणारा नेहमीचा डिजिटल थर्मामीटर बहुतेक एकच दशांश दाखवतो, त्यावर हा चढ नीट कळत नाही. दोन दशांशाचा घ्या, म्हणजे ३६.४५ असं दाखवणारा. सकाळी डोळे उघडल्याबरोबर, अंथरुणातून न उठता, पाणी न पिता, जिभेखाली. वेळ रोज जवळपास तीच. तासभर उशीर झाला तर वेळ वहीत लिहा.

चढ ठरवायचा असा: सलग सहा दिवसांतलं सगळ्यात जास्त तापमान बघून त्यावर रेघ मारा. नंतरची सलग तीन तापमानं त्या रेघेच्या वर हवीत आणि तिसरं निदान ०.२ नं वर. समजा सहा दिवसांत सगळ्यात जास्त ३६.४५ होतं आणि नंतर ३६.५५, ३६.६०, ३६.७० आलं, तर चढ पुरा झाला. तिसरं ३६.६० आलं असतं तर चौथ्या दिवसाची वाट बघायची. स्त्रावाची मोजणी आणि तापमानाची मोजणी यातली जी उशिरा पुरी होते ती धरायची. एक सांगते मोकळीक आणि दुसरी सांगते थांब, तर थांबायचं. यात तडजोड नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: आता नको. मोजण्याआधी सलग तीन तास तरी झोप हवी. रात्री तीनदा उठणाऱ्या आईचे आकडे वरखाली होतात आणि खोटा चढ दिसतो. पाळी सुरू झाली आणि बाळ रात्री सलग झोपू लागलं की घ्या. ताप, सर्दी, रात्रपाळी, आदल्या रात्रीचं लग्नघरातलं जागरण, यांनीही आकडा बिघडतो. त्या दिवसाला वर्तुळ करून तो हिशेबातून काढायचा. उद्यमबागेतल्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बायकांना तर नुसत्या तापमानावर कधीच सोडू नये.

कॅम्प_लग्नतयारी

शनिवारचं, आणि निरोधचं.

आधी शिकवण काय आहे ते नेमकं सांगतो, कारण आपल्या लोकांत दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. पोप पायस बारावे यांनी १९५१ साली सुईणींपुढं केलेल्या भाषणात म्हटलं की गंभीर कारण असेल तर जोडपं वांझ दिवसांचा आधार घेऊ शकतं. कारणं वैद्यकीय, आर्थिक, सामाजिक असू शकतात. २५ जुलै १९६८ च्या ‘हुमाने विते’ या परिपत्रकात पोप पौल सहावे यांनी तेच पुढं नेलं. पतिपत्नीच्या मीलनाचे दोन अर्थ आहेत, एकमेकांशी एकरूप होणं आणि जीवनाला दार उघडं ठेवणं, आणि माणसानं आपण होऊन ते एकमेकांपासून तोडू नयेत. वांझ दिवसांत जवळ येण्यानं काहीच तोडलं जात नाही, कारण ते दिवस तसे देवानंच केलेत. निरोधनं मात्र सुपीक मीलनच मुद्दाम वांझ केलं जातं. बाहेर वीर्य टाकणंही त्याच कारणानं बसत नाही, आणि तसाही तो उपाय फसवा आहे.

मेथडिस्ट आणि इतर प्रोटेस्टंट मंडळ्या वेगळं मानतात. १९३० च्या लँबेथ परिषदेत अँग्लिकनांनी अटी घालून कृत्रिम साधनांना वाट दिली, पुढं बहुतेक प्रोटेस्टंट चर्चेसनी हा निर्णय जोडप्याच्या विवेकावर सोपवला. म्हणजे तुमचे मिस्टर काही अधर्माचं बोलत नाहीत, त्यांच्या घरात तेच शिकवलेलं असतं. भांडण लावू नका. त्यांना दोन गोष्टी दाखवा. एक, निरोध सुपीक दिवसांत वापरला तर तो ज्या दिवशी फसतो त्याच दिवशी दिवस राहतात. नियम पाळणाऱ्या जोडप्यानं तो दिवसच टाळलेला असतो. दुसरं, या पद्धतीत भार एकट्या बायकोवर पडत नाही. वही त्यांनी ठेवावी. रोज रात्री फोनवर तुम्ही सांगायचं, त्यांनी लिहायचं. ज्या घरात नवरा वही भरतो तिथं शनिवारी ‘आज काय’ असा प्रश्नच येत नाही, त्याला गुरुवारीच माहीत असतं.

आणि तुमच्या बाबतीत त्यांचं आठवडाभर बाहेर असणं हे पाहणीला सोयीचंच आहे. सोमवारनंतर एखाद्या दिवसात वीर्याचा अंश निघून जातो, मग शुक्रवारपर्यंत स्त्राव अगदी स्वच्छ वाचता येतो. शनिवारी रात्री दिवसभराची पाहणी पुरी झालेलीच असते. मूळ रूप असेल तर शनिवारची रात्र तुमची. रविवार सोडायचा, एक दिवसाआडच्या नियमानं. नियमित पाळी सुरू झाल्यावर चक्रात साधारण आठ ते बारा दिवस टाळावे लागतात, म्हणजे महिन्यातला एक शनिवार जाईल, कधी दोन. हे आधी कबूल करून ठेवा. ‘आलोय एवढ्या लांबून’ हे वाक्य रात्री अकराला निघालं की भलेभले नियम मोडतात.

त्या शनिवारी काय चालतं? हात धरणं, मिठी, चुंबन, एका पांघरुणात झोपणं, डोक्याला तेल लावून देणं, सगळं चालतं आणि सगळं हवंच. करिंथकरांस पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात पौल सांगतो की एकमेकांना वंचित करू नका, केलंत तर दोघांच्या संमतीनं, काही वेळापुरतं, आणि मग पुन्हा एकत्र या. तिथं संमती दोघांची आहे. नवऱ्याच्या शरीरावर बायकोचाही अधिकार त्याच वचनांत सांगितलाय, हे आपल्याकडे वाचतानाच गाळलं जातं. मर्यादा एवढीच की मीलनाऐवजी दुसऱ्या मार्गानं उत्तेजना शेवटाला नेऊ नये, आणि जिथून परत फिरणं कठीण जाईल तिथवर जाऊ नये. ती रेघ प्रत्येक जोडप्याची वेगळी. दिवसा, शांत असताना ठरवा. अंधारात ठरवायला जाऊ नका.

एक कळकळीनं सांगतो. महिन्यात फक्त मोकळ्या दिवसांतच नवरा प्रेमानं बोलतो असं बायकोला वाटू लागलं, तर वही कितीही नीट असू दे, पद्धत बिघडली. एकत्र कुटुंबात, एका खोलीत सासू आणि मुलं असताना जोडप्याला दिवसातनं अर्धा तासही मिळत नाही. रविवारी मिसानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, दोघंच चालत घरी या, बाळ तासभर आजीकडं द्या.

स्त्रीरोग_बेळगाव

दुखण्याचा प्रश्न वरच्या सगळ्या लांबलचक उत्तरांत मागं पडला, आणि तो पहिला घ्यायला हवा होता.

दूध पाजताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक खूप कमी असतं. त्यामुळे योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं राहतं, इच्छाही मंदावते. यात तुमचा दोष नाही आणि नवऱ्यावरचं प्रेम आटल्याचीही ही खूण नाही. तुमचे मोकळे दिवस हे कोरड्याचेच दिवस असल्यानं नैसर्गिक पद्धतीत हा त्रास जास्त जाणवतो, हे शिकवणारे बरेचदा सांगत नाहीत. पाण्यावर आधारलेली जेली मेडिकलमध्ये मिळते. ती वापरली की वहीत ‘जे’ असं लिहा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा ओलावा स्त्राव समजला जाणार नाही. घाई नको. बायकोचं शरीर तयार व्हायला पंधरावीस मिनिटं लागली तर ती द्यायची. बायको वर असेल तर खोली आणि वेग तिच्या हातात राहतो आणि टाक्यांच्या जागेवर ताण कमी येतो. दुखलं की थांबायचं. दात आवळून सोसलं की स्नायू पुढच्या वेळी आधीच आवळतात आणि दुखणं वाढत जातं.

टाक्यांच्या जागी गाठ लागते, रक्त येतं, आत खोल दुखतं, किंवा जेली वापरूनही फरक नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडं जा. तपासून इस्ट्रोजेनचं मलम थोड्या दिवसांसाठी देता येतं, दूध न सोडता. पण हे मलम लावताना स्त्राव बदलू शकतो, शिकवणारीला सांगा.

आता सावधानतेचं. पुढचं गर्भारपण निदान दोन वर्षं लांबवावं हा तुमचा विचार वैद्यकीयदृष्ट्याही योग्यच, जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीनंतर पुढच्या गर्भधारणेआधी २४ महिने थांबायला सांगते. मात्र ज्या बाईला हृदयाचा मोठा आजार आहे, किंवा जिला फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ होण्यासाठी वॉरफेरिन चालू आहे, तिनं घरच्या घरी वाचून ही पद्धत सुरू करू नये. तिथं चुकीला जागा नाही. फक्त स्त्रावावर चालणाऱ्या पद्धतीत नियम काटेकोर पाळले तर वर्षाला १०० त सुमारे ३ जणींना दिवस राहतात, पण सरासरी वापरात तो आकडा २० च्या वर जातो. ही दरी नियम मोडण्यानं पडते. आणि नवरा दारू पिऊन येतो, नाही म्हटलेलं ऐकत नाही, अशा घरात ही पद्धत चालणारच नाही. तिथं प्रश्न कुटुंबनियोजनाचा नाही, बाईच्या सुरक्षिततेचा आहे, आणि फादरनी, पास्टरनीही तो तसाच हाताळावा.

खानापूरची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यापासून वही सुरू करते, दोन आठवडे नुसती नोंद. एकच राहिलं. पहिली पाळी आली की मग जाऊबाईंचं दहा ते वीस धरता येईल का? मण्यांची माळ पण असते म्हणे.

निपाणीची_नर्स

नाही ताई, इतक्यात नाही. ती माळ म्हणजे माला चक्र. ३२ मणी, पहिला लाल, आणि ८ ते १९ हे सुपीक दिवसांचे पांढरे मणी. जाऊबाईंच्या दहा-वीसपेक्षा ते शास्त्रशुद्ध आहे, दहापासून टाळायचं म्हटलं तर आठवा आणि नववा दिवस उघडा राहतो. पण ती माळ फक्त २६ ते ३२ दिवसांनी पाळी येणाऱ्यांसाठी. बाळंतपणानंतर निदान चार पाळ्या येऊन गेलेल्या हव्यात आणि शेवटचं चक्र २६ ते ३२ दिवसांचं हवं. वर्षातून दोनदा चक्र या हद्दीबाहेर गेलं की माळ बाजूला ठेवायची.

पहिल्यांदा रक्त दिसेल ते पाळीचंच असेल असं धरू नका. त्याआधी दोनएक आठवडे शिखराची फुली वहीत असेल तर ती खरी पाळी. फुली नसेल तर ते बीज सुटतानाचंही असू शकतं, म्हणून रक्त जाईल तितके दिवस आणि पुढचे तीन दिवस थांबा. दोन आठवड्यांचं पान भरलं की काय दिसलं ते इथं लिहा, रंग नको, फक्त वाटणं: कोरडं, ओलसर, चिकट, बुळबुळीत. त्यावरून मूळ रूप ठरवू. आणि फादरना विचारून जवळपास शिकवणारं जोडपं किंवा सिस्टर असेल तर पहिले तीन महिने पान त्यांच्यासमोर बसून वाचा.